चारशे सत्तेचाळीस

आकडा चुकीचा आहे हे एबो एसिल्फीला कळलं तेव्हा त्याच्या हातात दात घासायचा जुना ब्रश होता, मांडीवर नवी बॅटरी घातलेलं पेडल होतं आणि आत स्वयंपाकघरात बेस गिटारच्या चार तारा बायकोच्या सूपच्या पातेल्यात उकळत होत्या. शनिवारची सकाळ, नऊ वाजले असतील. घानाच्या किनाऱ्यावरच्या सेकंडीचा खारा वारा तारा खातो, म्हणून दर तीन महिन्यांनी त्या उतरवायच्या, पाण्यात व्हिनेगर टाकून वीस मिनिटं उकळायच्या, फडक्याने कोरड्या करायच्या आणि परत चढवायच्या, म्हणजे नव्यासारख्या बोलतात. हे तो रेल्वेच्या वर्कशॉपात लागल्यापासून करत आला होता आणि त्याची बायको एकुआ लग्न झाल्यापासून त्यावरून भांडत आली होती. ‘अहो, त्या पातेल्यात उद्या बँडवाल्यांचं सूप करायचंय,’ ती आतून ओरडली, ‘पाहुण्यांना काय गंज वाढू?’ ‘लोखंड असतं त्यात. रक्त वाढतं,’ तो म्हणाला. ‘मग तुम्हीच प्या वाटीभर!’ एरवी यावर त्याने काहीतरी उलट फेकलं असतं. पण नेमका तेव्हाच ब्रशचा दांडा पेडलच्या कडेच्या रबरी झाकणाखाली घुसला, आतलं एक बारीक बटण दाबलं गेलं आणि काचेवर तांबडा आकडा उमटला. चारशे सत्तेचाळीस.

त्याने चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. चारशे सत्तेचाळीस. काच पुसली. बॅटरी काढून पुन्हा घातली, पेडल उन्हात धरलं, सावलीत धरलं. आकडा ढिम्म. ते पेडल म्हणजे सूर दाखवायचं यंत्र. पायाशी ठेवायचं, तार छेडायची. ढिली असली तर डावीकडे लाल दिवा, चढी असली तर उजवीकडे लाल, आणि नेमकी लागली की मधोमध हिरवा. नऊ वर्षं एबोने त्या हिरव्या दिव्यावर डोळे झाकून विश्वास टाकला होता. पण तो दिवा कोणत्या मापाने हिरवा व्हायचा हे ठरवणारा आकडा त्या रबराखाली दडलेला होता, आणि तो असायला हवा चारशे चाळीस. सगळ्या जगाने मिळून ठरवलेला आकडा आहे तो. त्यात एबोला किंवा सेकंडीला कुणी वेगळी सवलत दिलेली नाही. वरचे सात म्हणजे फार नाहीत म्हणा, अर्ध्या सुराचा जेमतेम पाव हिस्सा. पण सुरातला पाव हिस्सा म्हणजे भातातला खडा. तो दाताखाली आल्यावर ‘लहानच होता’ असं कुणी म्हणत नाही.

पहिलं काम त्याने केलं ते गुन्हेगार शोधायचं. एकुआने पुसताना दाबलं असणार. नाहीतर पाली, पाली सगळीकडे घुसतात. नाहीतर फीफीने, त्याच्या मुलाने, टेमाहून पाठवतानाच काहीतरी करून ठेवलं असणार, त्या कार्ट्याला धड गाठसुद्धा मारता येत नाही. असं एकेकाला उभं करून बघता बघता त्याला तो दिवसच आठवला. ईस्टरच्या आधीचा आठवडा, याच ओट्यावर, याच चटईवर. खोका उघडून त्याने आतला माहितीचा कागद एकुआला चुलीसाठी देऊन टाकला होता. यंत्र हाताने कळतं, कागदाने नाही, असं तो तेव्हा मोठ्याने म्हणाला होता. आणि मग ‘काय काय होतं बघू’ म्हणून त्याने एकूणएक बटणं दाबली होती. दोनदोनदा. रबराखालचंसुद्धा. तेव्हा काहीच झालेलं दिसलं नाही, म्हणून तो खूष झाला होता. पालीला सोडून द्यावं लागलं.

मग दुसरा विचार आला आणि तो चटईवर जरा सावरून बसला. असं होऊच शकत नाही. कारण चर्चमध्ये त्याच्या डाव्या हाताला, पाच फुटांवर, नऊ वर्षं कीबोर्ड वाजतो. कीबोर्डला काही तारा पिळायच्या नसतात, तो कारखान्यातून चारशे चाळीसवरच येतो. बेस सत्तेचाळीसवर आणि कीबोर्ड चाळीसवर असता तर पहिल्याच रविवारी दोघांची जुंपली असती, लोकांनी कानात बोटं घातली असती. तशी काही जुंपली नव्हती. म्हणजे पेडल खोटं बोलतंय, आकडाच बिघडलाय, बॅटरीच्या पाण्याने काहीतरी झालंय. या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की त्याने आत हाक मारून चहा मागितला. चहा आला, त्याने पहिला घोट घेतला, आणि तो घोट तोंडातच राहिला. जुंपली होती की. एकदा जुंपली होती. त्याच वर्षी, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी.

तेव्हा कीबोर्डवर अमिसा मास्तर असायचे. म्हातारे, पांढरे शुभ्र, शाळेत चाळीस वर्षं गाणं शिकवलेले. उपासना संपल्यावर त्यांनी एबोला बाजूला घेतलं आणि अगदी हळू, कुणी ऐकू नये म्हणून छत्री मध्ये धरून सांगितलं, ‘एबो, बाबा, तू जरा चढा वाजतोयस.’ बस, एवढंच. एबोने काय करावं? त्याने शांतपणे वायर गुंडाळली, बेस खोळीत घातला, स्वतःचा अॅम्प, आवाज मोठा करायचा तो खोका, जो उचलायला दोन माणसं लागतात, तो एकट्याने उचलून टॅक्सीत टाकला आणि घरी आला. सहा आठवडे तो चर्चला गेला नाही. बेस त्याचा, अॅम्पही त्याचाच, त्यामुळे सहा आठवडे मंडळी पोटात आवाज नसलेली गीतं म्हणत बसली. सातव्या आठवड्यात त्याच्या ओट्यावर शिष्टमंडळ आलं. चर्चचे दोन वडीलधारे, गायनवर्गातल्या तीन बायका, तेव्हा नुकतीच कीबोर्ड शिकायला लागलेली अराबा बाई, आणि पुढे माल्टच्या बाटल्यांचा क्रेट. मेथडिस्ट माणूस रुसला तर त्याच्यापुढे दारूची बाटली ठेवता येत नाही, म्हणून माल्ट, बिनदारूचं. बाटल्या उघडल्या, प्रार्थना झाली, आणि मग अमिसा मास्तर सगळ्यांच्या मागून पुढे आले, टोपी हातात घेऊन म्हणाले, ‘माझेच कान गेले रे आता. वय झालं.’ आणि एबोने त्यांना मोठ्या मनाने माफ केलं होतं! शी बटर, म्हणजे शीच्या बियांचं लोणी, कोमट करून झोपताना कानात दोन थेंब घाला म्हणजे बरं वाटेल, असा उपायसुद्धा सांगितला होता. मास्तरांनी तो लिहून घेतला होता.

चहा गार झाला. म्हणजे ते सगळे जण माहीत असून आले होते. माहीत असून ओट्यावर बसले, माहीत असून माल्ट प्यायले. मास्तरांनी माहीत असून आपले दोन धडधाकट कान त्याच्या पायावर घातले. त्या वर्षाअखेरीस त्यांनी कीबोर्ड अराबा बाईकडे दिला, पुढे तीन वर्षांनी ते गेले, आणि त्यांच्या अंत्ययात्रेला एबोने तीन तास बेस वाजवला होता. डोळ्यांत पाणी आणून. चारशे सत्तेचाळीसवर. एबोला एकदम इतकी लाज वाटली की त्याने आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी त्याला उघडा पाहिला होता. ओट्यावर कुणी नव्हतं. समोर अंगणात फक्त त्याची ती लोखंडी सळई होती. अॅम्पची गुणगुण बंद व्हावी म्हणून त्याने ती जमिनीत गाडून तिला वायर जोडली होती, आणि माती ओली राहावी म्हणून रोज सकाळी तो तिला तांब्याभर पाणी घालायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, एबो मामांच्या सळईला एक दिवस पानं फुटणार.

आणि माणूस लाज वाटायला लागली की एका ठिकाणी थांबत नाही. त्याला पुढचं सगळं आठवायला लागलं. रेडिओ नेहमी उतरलेला वाजतो, असं तो नऊ वर्षं सांगत होता. त्याने त्याचं कारणही शोधून काढलं होतं: वीज कमी आली की स्टेशनचा सूर ढिला पडतो. वर्कशॉपातल्या मित्रांनी ते मान डोलावून ऐकून घेतलं होतं. चार वर्षांपूर्वी गायनवर्ग केप कोस्टला गेला, तिथल्या मोठ्या पाइप ऑर्गनबरोबर वाजवायची वेळ आली, तेव्हा तो ऑर्गनच समुद्राच्या दमट हवेने खचलाय असं त्याने जाहीर केलं होतं. नुसतं जाहीर नाही. बिशपसाहेबांना पत्र लिहिलं होतं. ‘आपला ऑर्गन दुरुस्त करण्यास मी रजिस्टर्ड कारागीर नसलो तरी कानाने मदत करण्यास तयार आहे.’ कानाने! बिशपसाहेबांचं उत्तर आलं होतं, फार प्रेमळ, की आपल्या कानाबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. ते उत्तर त्याने चौकट करून भिंतीवर लावलं होतं. ते आत्ताही तिथेच होतं, ओट्यावरून दारातून सरळ दिसत होतं.

आणि ते सल्ले! शामापासून टार्क्वापर्यंत कुठल्याही चर्चला बेस घ्यायचा असला की माणसं आधी त्याच्याकडे यायची. तो त्यांना चटईवर बसवून सांगायचा. रंग बघू नका, रंगाला काय चाटायचंय. बेसची मान डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून बघा, वाकडी असली तर फुकट दिली तरी घेऊ नका. मानेवरच्या पडद्यांच्या, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या, कडांवरून बोट फिरवा, टोचलं तर लाकूड आकसलंय. अॅम्प घेताना आवाज किती मोठा होतो ते बघू नका, अगदी बारीक करून बघा, बारीक आवाजात जो घाण करत नाही तो चांगला. अॅम्पच्या खाली टायरचे चार तुकडे घाला, नाहीतर जमीन आवाज पिते. वीज वरखाली होते तेव्हा मध्ये स्टॅबिलायझर हवाच हवा. पेडलं कमी घ्या, एक सूर बघायला आणि एक आवाज सारखा ठेवायला, बाकी सगळी खेळणी. सगळं खरं होतं. आजही त्यातला एक शब्द त्याने मागे घेतला नसता. पण सल्ला संपला की तो त्यांचा नवा बेस हातात घ्यायचा आणि म्हणायचा, ‘थांबा, सूर लावून देतो.’ आणि पायाने पेडल पुढे ओढायचा. कमीत कमी अकरा चर्चना त्याने असा सूर लावून दिला होता. गावोगाव त्याने हे पसरवलं होतं, गोवर पसरवावा तसं.

उद्या चर्चला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती. बिशपसाहेब येणार होते, साठ जणांचा गायनवर्ग उभा राहणार होता, आणि केप कोस्टहून ओटू मास्तरांचा वीस माणसांचा पितळी बँड यायचा होता. बेस पिळता येतो; कर्णे आणि तुताऱ्या काय पिळणार? वीस माणसं आपल्या ठरल्या सुरात फुंकणार, आणि पहिल्या गीताच्या पहिल्या ओळीला, बिशपसाहेबांसमोर, सगळ्या सेकंडीसमोर उघड होणार की एबो एसिल्फीला कान नाही. बाकी त्याच्याजवळ होतं तरी काय? पेन्शन होती, ती कुणालाही असते. गुडघे गेले होते. ‘एबो मामांचा कान’ एवढीच एक गोष्ट होती जी गावात त्याच्या नावाने ओळखली जायची, आणि ती उद्या सकाळी साडेनऊला जाणार होती.

तो आत गेला. एकुआ चिमट्याने तारा पातेल्यातून काढून ताटात ठेवत होती, तोंड फिरवून. ‘एकुआ,’ तो म्हणाला, ‘खरं सांग. मी कधी बेसूर वाजवतो का गं?’ आता ही बाई तीस वर्षं गायनवर्गात खालच्या सुरात गाते. तिला शेजारणीच्या केसांपासून संसदेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत आहे, आणि विचारायच्या आधी आहे. तिने चिमटा खाली ठेवला, हात पुसले, आणि म्हणाली, ‘तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?’ ‘मी काय विचारतोय?’ ‘मला मेलीला काय कळतंय त्यातलं,’ ती म्हणाली आणि कांदे चिरायला घेतले. एबोला वाटलं, तिने ताट डोक्यात घातलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी दोनला तो चर्चची किल्ली घेऊन निघाला. त्याने मनाशी सरळ बेत केला होता. अमिसा मास्तरांना माफ केल्यापासून कुणीतरी, म्हणजे अराबा बाईंनीच, कीबोर्ड गुपचूप सत्तेचाळीसवर चढवून ठेवला असणार, दुसरं काही असूच शकत नाही. तो आपण गुपचूप चाळीसवर उतरवायचा, आपला बेस उतरवायचा, उद्या बँडशी सगळं जुळेल, आणि कुणाला काही कळणार नाही. कळलं तरी कुणी बोलणार नाही, हे तर आता त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. चर्च रिकामं होतं, बाकांना पॉलिशचा वास येत होता, वेदीपाशी फुलं आणून ठेवलेली होती. त्याने कीबोर्डवरचं कापड काढलं, चोरासारखं मागे वळून बघितलं, बटण दाबलं. सूर बदलायची जागा शोधताना मध्येच एकदा कीबोर्ड आपोआप चा-चा-चा वाजवायला लागला आणि एबो घामाने डबडबला. शेवटी जागा सापडली. आकडा आला. चारशे चाळीस.

म्हणजे उतरवून झालेला होता. अराबा बाईंनी उद्याच्या बँडसाठी आधीच उतरवून ठेवला होता, आणि त्याला सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं सांभाळलं आणि नेमकं उद्या, बिशपसाहेबांसमोर, सोडून दिलं. बरोबरच आहे म्हणा. कुठवर सांभाळायचं एखाद्याला? तरी त्याला वाईट वाटलं, आणि मग राग आला, आणि रागाबरोबर थोडी ताकद आली. ठीक आहे. तुम्ही सगळे चाळीसवर जाऊन माझी गंमत बघणार होता काय? बघा मग. घरी येऊन त्याने पेडलचं बारीक बटण दाबलं. त्या बटणाने आकडा वर जातो पण खाली येत नाही, म्हणून पन्नासपर्यंत चढवून पुन्हा सुरुवातीपासून आणत चारशे चाळीसवर थांबवलं. तारा चढवल्या, ताणू दिल्या, पुन्हा लावल्या. हिरवा दिवा. नऊ वर्षांत पहिल्यांदा खरा हिरवा. एकुआ दारात उभी राहून ऐकत होती. ‘काय झालंय तुमच्या बाजाला?’ तिने विचारलं. ‘काही नाही,’ तो म्हणाला, ‘उकळल्याने चांगला झालाय.’

रविवारी सकाळी बँड दोन गाड्यांतून उतरला. ओटू मास्तर, पोट पुढे, तुरा लावलेली टोपी, सरळ एबोकडे आले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. ‘मामा, तुमच्याबद्दल फार ऐकलंय. तुम्ही काळजीच करू नका, आम्ही सगळी तयारी करून आलोय.’ एबोला ते बोलणं जरा विचित्र वाटलं, पण गडबड होती. बँडवाले बाहेर चिंचेखाली फुंकून बघत होते तेव्हा तो आत अॅम्पच्या मागे वाकून वायर घट्ट करत होता. आणि तालीम वगैरे त्याने आयुष्यात केली नाही, तालीम ज्यांना विश्वास नसतो त्यांनी करायची. पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला, मंडळी उभी राहिली, बिशपसाहेबांनी पुस्तक उघडलं. एबोने अॅम्प चालू केला, मनात म्हणाला, ऐका आता, आणि पहिला सूर लावला.

आई गं. चर्चच्या छतात कबुतरं असतात, ती सगळी उडाली. कीबोर्ड, बँड, साठ गळे एका बाजूला आणि त्याचा बेस एका बाजूला, मध्ये तो पाव हिस्सा, आणि अॅम्प त्याचाच सगळ्यांत मोठा. पहिला विचार एबोच्या मनात आला तो जुनाच होता: सगळे चुकले! सगळेच्या सगळे चढे आहेत! आणि मग त्याने मान वर केली आणि पाहिलं की त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं. नऊशे माणसं, आणि एकही नाही. गायनवर्ग पंख्याकडे बघत होता. बिशपसाहेब पुस्तकाचं पान डोळ्यांना लावून बघत होते. एकुआ गायनवर्गाच्या तिसऱ्या रांगेत उभी होती आणि तिची नजर आपल्या चपलांवर होती. इतक्या माणसांनी इतक्या मायेने दुसरीकडे बघितलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याची नजर डावीकडे गेली, अराबा बाईंच्या कीबोर्डवर, तिथल्या छोट्या खिडकीवर. चारशे सत्तेचाळीस.

पहिलं कडवं कसंबसं संपलं. पुढच्या कडव्याआधी बँड दोन ओळी एकटाच वाजवणार होता. एबो तिकडे झुकला. ‘बाई, काल दुपारी तर हा चाळीसवर होता!’ ‘बंद केला की आपोआप चाळीसवर जातो मामा,’ अराबा बाई ओठ न हलवता म्हणाल्या, ‘चालू केला की मी चढवते.’ ‘म्हणजे कधी?’ ‘दर रविवारी. तुम्ही यायच्या आधी. मध्येच लाइट गेली तर परत.’ नऊ वर्षं. लाइट आल्याबरोबर बाई कीबोर्डवर डोकं वाकवतात, ते प्रार्थना करतात असं त्याला वाटायचं, कौतुक वाटायचं. ‘आणि हे बँडवाले?’ ‘त्यांना मी पत्र घातलं होतं. नळ्या पार आत ढकलून या, आमच्याकडे सूर वर आहे.’ कारण सांगितलं नव्हतं त्यांनी. कारण कुणी विचारलंही नसणार.

रडावं की हसावं हे एबोला कळलं नाही, आणि ठरवायला वेळही नव्हता, दुसरं कडवं सुरू होत होतं. त्याने पेडल पायाने बाजूला सारलं आणि वाजवता वाजवता डाव्या हाताने खुंट्या पिळायला घेतल्या, कानाने, वर, वर, त्यांच्याकडे. आणि तो जसजसा वर जायला लागला तसतसं काहीतरी भलतंच व्हायला लागलं. अराबा बाईंचं बोट बटणावर गेलं होतं. मामा आज खाली आहेत, तर आपण खाली यावं! ओटू मास्तरांनी एक भुवई हलवली आणि वीस माणसांनी फुंकता फुंकता नळ्या बाहेर ओढल्या. साठ गळे, जुने, सवयीचे, मुकाट्याने खाली उतरले. दुसऱ्या ओळीला क्षणभर सगळे एकत्र आले, असं काही की अंगावर काटा यावा, आणि तिसऱ्या ओळीला एबो वर सत्तेचाळीसवर आणि सगळं चर्च खाली चाळीसवर, सभ्यपणाने एकमेकांना ओलांडून पुढे गेलेले. एबोने पुन्हा खुंटीला हात घातला. तिकडे ते बघून बाईंचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

‘थांबा!’ एबो ओरडला. त्याच्यासमोर माइक नव्हता, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. बँड थांबला, कीबोर्ड थांबला, बिशपसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. ‘हलू नका कुणी! हात जोडतो, कुणीही हलू नका. चूक माझी आहे. आजची नाही, नऊ वर्षांची. अमिसा मास्तरांचे कान चांगले होते.’ एकदम चारी बाजूंनी आवाज उठला, ‘नाही हो मामा!’ ‘भलतंच काय!’ ‘कोण म्हणालं असं तुम्हाला?’ चर्चचे एक वडीलधारे तर उभेच राहिले, म्हणाले, ‘हवेचा दोष आहे, हवा दमट आहे आज.’ ‘हवा बिवा काही नाही!’ एबो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. ‘किती दिवस माझ्या मागे फिरणार रे तुम्ही? आहात तिथे राहा. मी येतो.’

‘मग किती ठेवू, मामा?’ अराबा बाईंनी हळूच विचारलं. ‘मला विचारू नका. ठेवा तुम्हाला हवं तेवढं, आणि मला सांगू नका.’ त्यांनी एक सूर दाबून धरला. ओटू मास्तरांनी बोट वर केलं आणि एका कर्ण्याने तोच सूर धरला, मऊ. एबोने कीबोर्डच्या त्या खिडकीकडे पाठ केली. तार छेडली, डोळे मिटले, खुंटी ढिली केली. त्रेसष्ट वर्षांच्या त्याच्या कानात त्या वेळी त्या दोन सुरांशिवाय काही नव्हतं. ते एकमेकांवर घासत होते, हलत होते, लांब, मग जवळ, मग फार जवळ. त्याला भीती वाटत होती. तरुणपणी हॉटेलातल्या बँडमध्ये पहिल्यांदा उभा राहिला होता तेव्हासुद्धा एवढी वाटली नव्हती. लागला असं त्याला वाटलं. त्याने डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसांना विचारलं, ‘लागला का?’

पाळकसाहेबांनी हसू चेहऱ्यावर आणलं, मान डोलवायची तयारी केली. सगळे मान डोलावणार होते, एबोला ते येताना दिसत होतं, जसं नऊ वर्षं आलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एकुआचा आवाज आला, कांद्यावर ओरडते तसा, स्पष्ट.

‘नाही अहो. अजून जरा वर.’

‘एवढं?’

‘अजून. हां… नाही, गेलात पुढे. मागे या.’

एबो मागे आला.